शब्द मोजण्याआधी कान तपासून घ्या

प्रश्न : माझ्या मुलाला नुकतेच सतरा महिने पूर्ण झाले. तो 'बाबा', 'मंमं' आणि कुत्रा दिसला की 'भू' एवढेच बोलतो. 'आई' अजून म्हणालेला नाही. आमच्याच मजल्यावरची त्याच्याच वयाची मुलगी मात्र 'आजी ये', 'चिऊ गेली' असे बोलते, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो, "हा अजून बोलत नाही का?" त्याचा जन्म ३४ आठवडे भरल्यावर झाला आणि पहिले नऊ दिवस तो काचेच्या पेटीत होता, काविळीसाठी निळ्या दिव्याखालीही ठेवले होते. घरी सोडताना कानांची तपासणी झाली, ती नॉर्मल आली. दहाव्या महिन्यात तो 'बाबाबा', 'दादादा' असे खूप करायचा. आम्ही कासारवडवलीला राहतो. मी ऐरोलीला नोकरी करते आणि संध्याकाळी साडेसातला घरी पोचते. दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात, घरात मराठी आहे आणि पुढे शाळेत अडचण नको म्हणून माझे यजमान त्याच्याशी इंग्रजीत बोलतात. जेवताना त्याला मोबाईल लागतो. हाक मारली तर कधी वळून बघतो, कधी बघत नाही. बाल्कनीतून मेट्रोच्या कामाची क्रेन दिसली की मात्र मला ओढत नेऊन बोटाने दाखवतो. कराडहून आलेल्या सासूबाई म्हणतात, "त्याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. मधात वेखंड उगाळून चाटव." जीभ खालून चिकटली आहे का तेही दाखवून घे, असा त्यांचा आग्रह आहे. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षांपर्यंत थांबा. मी थांबू का? माझी नोकरी याला कारण आहे का?
— एक आई, कासारवडवली, ठाणे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात टोचत असेपर्यंत बाकीचे काही नीट वाचले जाणार नाही. तुमच्या नोकरीमुळे मुलाचे बोलणे लांबलेले नाही. बाळाशी दिवसभर बोलणारे, त्याच्या हुंकाराला ओ देणारे माणूस जवळ हवे हे खरे; पण ते माणूस आईच असले पाहिजे, अशी अट भाषा शिकण्याला नाही. मावशी त्याच्याशी मनापासून बोलत असतील, तर ऐरोलीहून साडेसातला घरी येणाऱ्या आईने मनाला लावून घेण्याचे काही कारण नाही.

'थांबू का' या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागेल. शब्दांसाठी थोडे थांबायला हरकत नाही. कानांसाठी थांबू नका. शेजारची मुलगी काय बोलते आणि लिफ्टमध्ये लोक काय विचारतात, हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे आणि काचेच्या पेटीतल्या नऊ दिवसांना जेमतेम दीड ओळ दिली आहे. मला ती दीड ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्याआधी वयाचा हिशेब नीट करू. पूर्ण दिवसांचे बाळ ४० आठवड्यांचे धरतात. तुमचा मुलगा त्यापेक्षा सहा आठवडे आधी आला. अशा मुलांची वाढ पहिली दोन वर्षे जन्मतारखेपासून मोजत नाहीत, तर ज्या तारखेला जन्म अपेक्षित होता त्या तारखेपासून मोजतात; डॉक्टर त्याला 'करेक्टेड एज' म्हणतात. त्या हिशेबाने तुमचा मुलगा आज सतरा नव्हे, साधारण साडेपंधरा महिन्यांचा आहे आणि शेजारची मुलगी दिवस भरून जन्मलेली असेल, तर ती त्याच्याहून दीड महिन्याने मोठी आहे. या वयात दीड महिना म्हणजे फार मोठे अंतर असते. शिवाय सतराव्या महिन्यात दोन शब्द जोडणारी मुलगी ही सरासरीच्या बरीच पुढे आहे, तिला मोजपट्टी करण्यात अर्थ नाही.

बहुतेक मुलांचा पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास येतो, आणि हे 'आसपास' चांगले ऐसपैस असते: कोणी दहाव्या महिन्यात बोलते, कोणी पंधराव्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२२ मध्ये बालविकासाचे टप्पे सुधारून प्रसिद्ध केले. त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना जे जमते, तेच त्यात घेतले आहे. त्यानुसार १५ महिन्यांच्या मुलाने आईबाबांच्या हाकेखेरीज एक-दोन शब्द म्हणण्याचा प्रयत्न करावा आणि १८ महिन्यांच्या मुलाने तीन किंवा अधिक. तुमच्या मुलाकडे 'बाबा' सोडून 'मंमं' आणि 'भू' आहेत. हे कसले शब्द, असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे समजू नका. मूल एखादा आवाज एकाच गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा, कोणी पढवल्याशिवाय काढत असेल, तर तो शब्दच धरतात. उच्चार मोठ्या माणसासारखा असण्याची गरज नसते. गाडीला 'गा' म्हटले आणि दर वेळी गाडीलाच म्हटले, तर तोही शब्द. त्याउलट दहाव्या महिन्यातले 'बाबाबा' हे शब्द नव्हते, कारण तेव्हा ते वडिलांना उद्देशून नव्हते, तोंडाची ती कसरत होती.

'आई' अजून आले नाही, याची खंत तुमच्या पत्रातून जाणवते. ओठ मिटून उघडले की ब आणि म हे आवाज आपसूक निघतात, म्हणून जगभरातल्या मुलांच्या तोंडी तेच लवकर येतात. 'बाबा' आधी आला त्यात लाडक्या-दोडक्याचा संबंध नाही. यजमानांनी त्याचा फार तोरा मिरवू नये.

आता कानांविषयी. जन्मतःच कमी ऐकू येण्याचे प्रमाण साधारण हजार बाळांमागे एक ते तीन इतके असते आणि नवजात अतिदक्षता विभागात राहून आलेल्या बाळांमध्ये ते त्याहून बरेच जास्त असते. पाचपेक्षा अधिक दिवस तिथे राहणे ही श्रवणदोषाच्या जोखमीच्या यादीतली एक स्वतंत्र बाब आहे. तुमचा मुलगा नऊ दिवस होता. जन्मानंतर आपल्याकडे बहुधा ओएई ही तपासणी करतात. त्यात कानात छोटी नळी बसवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी त्याला प्रतिसाद देतात की नाही, ते यंत्र टिपते. ती दोन-चार मिनिटांत होते, उपयुक्तही आहे, पण ती तपासते फक्त आतल्या कानापर्यंतचा रस्ता. तिथून पुढे मज्जातंतूतून मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही, हे तिला कळत नाही. अतिदक्षता विभागातल्या बाळांमध्ये दोष नेमका त्या पुढच्या टप्प्यात असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून अशा बाळांची बेरा ही तपासणी करावी, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. काही वेळा ऐकू येणे जन्माच्या वेळी ठीक असते आणि पुढच्या काही महिन्यांत कमी होते. तेव्हा जन्माच्या वेळचा 'नॉर्मल' शेरा आजच्यासाठी पुरेसा ठरत नाही.

म्हणून कपाटातले डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा. पहिली, कानांची जी तपासणी झाली ती ओएई होती की बेरा. दुसरी, बाळाला जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही औषधे दिली होती का आणि किती दिवस. जंतुसंसर्गात ती जीव वाचवतात, पण पाच दिवसांपेक्षा जास्त चालली असतील तर कानांची तपासणी पुन्हा करणे भागच असते. काविळीचे म्हणाल, तर केवळ निळ्या दिव्याखाली ठेवले एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. बाळाचे रक्त बदलण्याची वेळ आली असती, तर गोष्ट वेगळी होती.

"पण त्याला ऐकू तर येते, दार आपटले की दचकतो," असे घरचे म्हणतील. जवळजवळ प्रत्येक घरात हे वाक्य ऐकायला मिळते. कमी ऐकू येणे म्हणजे ठार बहिरेपण नव्हे. आपटलेले दार किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न हे दणदणीत आवाज असतात आणि ते पुष्कळ कमी ऐकणाऱ्या मुलालाही कळतात. स, श, फ यांसारखे बारीक आणि उंच पट्टीचे आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि बोलणे तर त्यांच्याशिवाय फाटक्या कागदासारखे अर्धवट ऐकू येते. घरी एक करून बघता येईल: टीव्ही बंद करून, तो खेळात असताना त्याच्या मागे, नजरेआड उभे राहून, नेहमीपेक्षाही हळू आवाजात त्याचे नाव घ्या. थाळी वाजवू नका, कारण हादरा पायांना कळतो आणि सावली डोळ्यांना. तो वळला तर मनाला बरे वाटेल, पण तेवढ्यावर तपासणी टाळू नका. त्याने दहाव्या महिन्यात 'बाबाबा', 'दादादा' केले ही जमेची बाजू आहे, कारण हुंकार तर बहिरी बाळेही देतात, पण अक्षरे जोडून केलेली ही बडबड ऐकू येत नसेल तर सहसा उशिरा येते किंवा तुटक राहते. तरीही पुरावा म्हणून ती अपुरी आहे.

बेराला घाबरू नका. कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात हलके टिक्-टिक् आवाज सोडतात आणि मेंदूचा प्रतिसाद संगणकावर उमटतो. दुखत काहीच नाही, फक्त मूल गाढ झोपलेले असावे लागते. त्यासाठी आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवायला सांगतात आणि गरज पडली तर डॉक्टर झोपेचे सौम्य औषध देतात. खरा धोका वाटेत असतो. घोडबंदरच्या कोंडीत रिक्षा रखडते, बाळ रिक्षातच मस्त डुलकी काढते आणि दवाखान्याच्या दारात टक्क जागे होते. तेव्हा सोबत सासूबाईंना किंवा मावशींना घ्या आणि वाटेत त्याला जागे ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. त्याच भेटीत टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी, करून घ्या. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, ताप नसतो, कान दुखत नाही, आणि मूल कधी वळते, कधी वळत नाही. तुम्ही लिहिलेला प्रकार असाही असू शकतो.

एवढे सगळे लिहिल्यावर आता तुमच्या पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट सांगते. ती आहे मेट्रोची क्रेन. तुमचा मुलगा तुम्हाला ओढत बाल्कनीत नेतो आणि बोटाने क्रेन दाखवतो. त्याला ती क्रेन नको असते. तुम्हीही ती पाहावी, एवढेच त्याला हवे असते. बोट दाखवल्यावर तो तुमच्या तोंडाकडे पाहतो का, हे पुढच्या वेळी बारकाईने बघा. क्रेन, आईचा चेहरा आणि पुन्हा क्रेन, असा नजरेचा फेरा होत असेल, तर भाषेचा पाया भक्कम घातला जातो आहे असे समजा. जी मुले शब्दांआधी अशी पुष्कळ बोटे दाखवतात, त्यांचे शब्द मागोमाग येतात असे अभ्यासांतही दिसले आहे. बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवणे आणि क्रेनकडे बोट दाखवणे यांत हाच फरक आहे, आणि दुसरे अधिक मोलाचे आहे.

त्याला किती कळते, हे तुम्ही लिहिलेले नाही. तेही पाहा. कळणे बोलण्याच्या कितीतरी पुढे चालते; सहा ते नऊ महिन्यांची बाळेही रोजच्या खाण्याचे पदार्थ आणि शरीराचे अवयव यांची काही नावे ओळखतात. तुमच्या मुलाला, हाताने खूण न करता, 'पंखा कुठे आहे?', 'बाबांची चप्पल आण', 'दुदूची बाटली मावशींना दे' असे सांगून बघा. बोट दाखवणारे, कळणारे आणि ऐकू येणारे मूल शब्दांत थोडे मागे असेल, तर ते बहुधा गाठते. यांतले काही कमी असेल, तर मात्र शब्द येण्याची वाट पाहत बसू नये.

मोबाईलविषयी मी कडक बोलणार आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या, म्हणजे आयएपीच्या, सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. कराडच्या आजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही जवळपास हेच सांगतात. मोबाईलवर गाणी लागतात, शब्द कानावर पडतात, मग बिघडले काय, असे अनेकांना वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, बोलली. काही बाळांना त्याच माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. पहिल्या गटाला चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले, दुसऱ्या गटाला काहीच साधले नाही. पडदा बाळाच्या नजरेला, हाताला, हुंकाराला उत्तर देत नाही. शिवाय मागे टीव्ही चालू असला की मोठी माणसे बाळाशी कमी बोलतात, आणि आपण कमी बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

सवय मोडायची तर संध्याकाळच्या जेवणापासून सुरुवात करा, कारण तेव्हा तुम्ही घरी असता. पहिले काही दिवस तो ओरडेल, दोन घास कमी खाईल; भुकेलेले निरोगी मूल उपाशी राहत नाही. पण त्या वेळी घरातल्या कोणाच्याच हातात मोबाईल नको, यजमानांच्याही नाही. दुपारचे जेवण मावशींच्या हाती आहे. त्यांना 'मोबाईल देऊ नका' एवढेच सांगून चालणार नाही. घास भरवायला जास्त वेळ लागेल, सांडेल, त्याबद्दल कोणी बोलणार नाही, हेही सांगा. मोबाईल दिल्याने त्यांचे काम सोपे होत होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

तीन भाषांची चिंता सोडा. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबते, हा समज चुकीचा आहे. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. बाळांचे कान यासाठी तयारच असतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखता आले. वर्षाच्या उंबरठ्यावर मात्र ती क्षमता मावळली होती, कारण इंग्रजीत त्या फरकाचा उपयोग नसतो. तुमच्या मुलाला मराठी आणि हिंदी दोन्हीकडून तो मिळतो आहे. मावशींना त्यांच्या हिंदीतच भरपूर बोलू द्या, मोडक्या मराठीचा आग्रह धरू नका.

माझा आक्षेप यजमानांच्या इंग्रजीला आहे, आणि तोही इंग्रजीला म्हणून नाही. मराठी घरांतले इंग्रजी बहुधा 'सिट डाऊन', 'कम हिअर', 'नो', 'व्हॉट इज धिस' एवढ्यातच फिरते. त्यात गंमत नसते, लटका राग नसतो, मांजर पळाल्याची गोष्ट नसते. वडिलांनी ज्या भाषेत ते स्वतः चिडतात, हसतात आणि गप्पा मारतात, त्या भाषेत बोलावे. ठाण्यातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला इंग्रजी कमी पडणार नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट खरोखर दखल घेण्याजोगी आहे. उशिरा बोलणे काही घराण्यांत चालत येते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे 'तीन वर्षे' हे कदाचित सव्वादोनही असेल, पण माहिती म्हणून ते डॉक्टरांना जरूर सांगा. मात्र घराण्यात असे असेल तर थांबायचे नसते, उलट लक्ष जास्त ठेवायचे असते. वेखंड देऊ नका. त्याने बोलणे सुधारते याला आधार नाही, आणि त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे ते पोटात जाणे सुरक्षित मानत नाहीत. लहान मुलांना उलट्या झाल्याची उदाहरणे आहेत. मधाचे म्हणाल तर तुमच्या मुलाने वर्ष ओलांडले आहे, त्यामुळे आता त्याचा धोका राहिलेला नाही. पण वर्षाच्या आतल्या कोणत्याही बाळाला मधाचे बोटही लावू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, हे घरात सर्वांना माहीत असू द्या. जिभेचे उत्तर सोपे आहे. जीभ खालून चिकटलेली असली तर काही उच्चार अडू शकतात, पण शब्द येणे त्यामुळे लांबत नाही. जी जीभ दूध ओढते, वरण चाटते आणि 'दादादा' करते, तिला कात्री लावायची घाई नको.

हे सगळे सासूबाईंना तोंडावर ऐकवण्यापेक्षा त्यांना काम द्या. कराडहून आलेल्या आजीइतके बोलायला सवड असलेले माणूस तुमच्या घरात दुसरे नाही. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, खिडकीतल्या कबुतराला हुसकताना त्यांनी नातवाशी बोलत राहावे. त्याचा उपयोग वेखंडापेक्षा निश्चित होईल.

तुमच्या संध्याकाळच्या वेळात वेगळा अभ्यास म्हणून काही घेऊ नका. 'बोल, पाणी बोल, आई बोल' असे मागे लागल्याने मुले बोलायची थांबतात. समजा, तुम्ही त्याला वरण-भात भरवता आहात. त्याला मांडीवर न घेता समोर, तुमचा चेहरा दिसेल असा बसवा. ताटलीवर झाकण ठेवा. "काय आहे आत?" म्हणा, झाकण उघडा, "अय्या, भात! गरम गरम भात." एक घास भरवा आणि थांबा. हे थांबणे आपल्या लोकांना जमत नाही. मनात सावकाश पाच आकडे मोजा आणि त्याच्याकडे नुसते पाहत राहा. तो हात पुढे करील, 'अं' म्हणेल, कदाचित 'मंमं' म्हणेल. जे काही करील ते बोलणे समजून लगेच उत्तर द्या: "मंमं हवी? भात हवा? घे भात." तो 'भू' म्हणाला तर 'भू नाही, कुत्रा म्हण' अशी दुरुस्ती नको, "हो, भूभू! भूभू पळाला" असे त्याच्याच शब्दाला शेपूट जोडा. एका हातात केळे आणि एका हातात चिकू धरून "केळं की चिकू?" असे विचारा. पाण्याचा पेला त्याने मागण्याआधीच पुढे करू नका. घरात सगळ्यांना त्याच्या मनातले न बोलताच कळत असेल, तर बोलण्याची निकड त्याला कशाला वाटेल? लिफ्टमध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याऐवजी "लिफ्ट आली, दार उघडलं, चला खाली खाली" हे त्याच्याशी बोला. लोकही मग विचारायचे थांबतात.

आता थांबण्याची मर्यादा. तुमच्या डॉक्टरांचा 'दोन वर्षांपर्यंत थांबा' हा सल्ला शब्दांच्या संख्येपुरता चुकीचा म्हणता येणार नाही, पण मी मधला एक टप्पा ठेवीन: अपेक्षित जन्मतारखेपासून १८ महिने पूर्ण होतील तेव्हा, म्हणजे आणखी अडीच महिन्यांनी. तोवर शब्दांत भर पडली नाही, तर वाचाउपचारतज्ज्ञांना, म्हणजे स्पीच थेरपिस्टना, एकदा भेटा. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द स्वतःहून जोडता यायला हवेत. आज येत असलेले शब्द, बोट दाखवणे किंवा नजर देणे यांपैकी काहीही नाहीसे झाले, तर मात्र कोणत्याही टप्प्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सर्व मुलांसाठी १८ आणि २४ महिन्यांना स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, प्राथमिक चाचणीही करावी, अशी शिफारस आहे. पालकांना विचारायची ती एक प्रश्नावली असते. क्रेन दाखवणाऱ्या तुमच्या मुलाविषयी मला तशी शंका नाही, पण डॉक्टरांनी ती पुढे केली तर मनाला लावून न घेता भरून द्या.

बेरा ठाण्यात अनेक ठिकाणी होते. तज्ज्ञ निवडताना ऑडिओलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारण्यात अवमान काही नाही. सर्व तपासण्या एका छताखाली हव्या असतील, तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून वांद्र्याला उतरावे लागेल. लहान मुलासह ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळा. खर्चाची अडचण असेल, तर २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणा आणि भाषेतला विलंब दोन्ही येतात. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

जाताना डिस्चार्ज कार्ड, कानांच्या तपासणीचा जुना कागद आणि त्याच्या शब्दांची यादी न्या. यादीत हिंदी-मराठी सगळे लिहा, कोणता आवाज कशासाठी काढतो तेही लिहा, आणि मावशींना विचारून लिहा, कारण दिवसभरात त्यांनी ऐकलेले एक-दोन शब्द तुमच्यापर्यंत पोचलेही नसतील. पडद्यामागे पाणी निघाले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ काही आठवडे लक्ष ठेवून पुढचे ठरवतील. बेरामध्ये काही कमी आढळले, तर श्रवणयंत्राचा निर्णय पुढे ढकलू नका. अशा वेळी प्रत्येक महिना मोलाचा असतो. दोन्ही तपासण्या ठीक आल्या, तर अडीच महिन्यांनी शब्दांची तीच यादी पुन्हा काढून बघा आणि मला कळवा.